पाहुण्यांसाठी ठेवलेले पन्नास मास्क

"रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "तुमचाही आणि तुमच्या वहिनींचाही."

मॅडम डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखात होत्या. फक्त डोळे दिसत होते, तेही चष्म्याआड. त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "बाहेर जाताना मास्क वापरत होता का?"

हा प्रश्न माझ्या अगदी आवडीचा. हिंजवडीच्या एका कंपनीत मी ॲडमिन खात्यात आहे. 'मास्क नाही तर प्रवेश नाही' हा गेटवरचा फलक मी स्वतः उभं राहून लावून घेतला होता. अंगात ताप होता तरी मी ताठ बसलो.

"म्हणजे काय मॅडम! मास्कशिवाय आमच्या घरातलं कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही."

"छान. घरात माणसं किती?"

"चार. मी, माझी बायको, थोरला भाऊ आणि ह्या वहिनी."

"आणि मास्क किती?"

"एक."

मॅडमचं पेन थांबलं. "प्रत्येकी एक?"

"नाही. एकूण एक."

"का? दुसरे मिळाले नाहीत?"

"होते ना. पन्नास आहेत. पण ते पाहुण्यांसाठी ठेवलेत."

शेजारच्या खुर्चीत वहिनी बसली होती. तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलेला. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, मोजायचा तो चिमटा एक्क्याण्णव दाखवत होता. ते चौऱ्याण्णवच्या वर हवं, हे मला तिथेच कळलं. वहिनीला धाप लागली होती, तरी ती म्हणालीच, "बाई, तुमी लिवा तुमचं. ह्याला लई इचारू नका, आजून कायतरी निगंल."

हे तुम्हाला सांगतोय, कारण तुमच्याही दाराजवळ एखादा खिळा असेल.

नांदे गावातल्या आमच्या घरात दाराच्या चौकटीला एक खिळा आहे. त्याच्यावर दुचाकीची किल्ली, विजेरी आणि दादाची टोपी. साथ आली तेव्हा माझ्या बायकोनं, मंगलनं, ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडाचे चार मास्क शिवले. हिरव्या कापडावर कोयऱ्या. एक वाळत घातला होता, तो वाऱ्यानं विहिरीत गेला. एक म्हशीनं चघळला. एकानं दादानं ट्रॅक्टरची काच पुसली आणि तो पुन्हा तोंडाला लावायच्या लायकीचा राहिला नाही. राहिला एक. तो खिळ्यावर गेला आणि घरातल्या छत्रीसारखा झाला. जो बाहेर जाईल त्यानं घालायचा, आला की परत लटकवायचा. आठवड्यातून एकदा मंगल धुवायची. यात काही चूक आहे असं आम्हा चौघांपैकी कुणालाही वाटलं नाही. उलट आपण किती काटेकोर, असंच वाटायचं.

मग एकदा कंपनीनं प्रत्येक माणसाला मास्कचा एक खोका दिला. पन्नास नग, सर्जिकल, म्हणजे डॉक्टर लावतात ते तीन पदरी. मी तो घरी आणला. वहिनीनं हात फिरवून बघितला आणि कपाटात चांगल्या कपबशांशेजारी ठेवून दिला. "पोराच्या साखरपुड्याला येतील की पाव्हनं. त्यान्ला काय हे कोयऱ्यावालं द्यायचं?" पोरगा म्हणजे माझा पुतण्या, तो नाशिकला नोकरीला. साथीमुळे साखरपुडा दोनदा पुढे गेला होता. मीही म्हणालो, बरोबर आहे. फलक लावणारा मी!

आता मुख्य गोष्ट. त्या शनिवारी माझा घसा धरला होता. घसा धरला की मी दाढेखाली लवंग धरतो, ही जुनी सवय. कणकण वाटत होती, पण आदल्या दिवशी ऑफिसात भजी खाल्ली होती, म्हणून सगळा दोष भज्यांवर टाकला. खिळ्यावरचा मास्क लावला, म्हशींची पेंड आणायला गेलो, वाटेत त्याच मास्कमध्ये दोनदा शिंकलो आणि घरी येऊन मास्क खिळ्यावर लावला. तासाभरानं वहिनीनं तोच काढला, तोंडाला बांधला आणि दुधाची किटली घेऊन डेअरीवर गेली.

मंगळवारी मला ताप चढला. टेस्ट झाली, ती आरटीपीसीआर. नाकात काडी इतकी आत घालतात की मेंदूचाच नमुना घेतात की काय असं वाटतं. मग घरातल्या सगळ्यांची झाली. दादा आणि मंगल निगेटिव्ह. वहिनीला तोवर खोकला सुरू झाला होता.

आम्हा दोघांना एकाच हॉस्पिटलात ठेवलं. मी तळमजल्यावर पुरुषांच्या वॉर्डात, कारण माझं प्रकरण साधं होतं. वहिनी वरच्या मजल्यावर, कारण तिचं साधं नव्हतं. वय एकसष्ट, साखर बारा वर्षांची. एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारीक स्कॅन, त्यात फुप्फुस किती धरलंय त्याला गुण देतात. माझे पंचवीसपैकी चार. वहिनीचे चौदा. जास्त गुण मिळाले म्हणून घाबरायची वेळ आमच्या घराण्यात पहिल्यांदाच आली.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आई आजारी असायची. शाळेत जाताना माझा भांग वहिनी पाडायची, तेल इतकं लावायची की मास्तर वही लांबून तपासायचे. चारचौघांत ती मला भावजी म्हणते, घरात दिल्या. आणि मी तिला काय दिलं? दोन शिंका.

चौथ्या दिवशी तिचं सॅच्युरेशन शहाऐंशीवर आलं. मॅडमनी जिन्यात मला थांबवून सांगितलं, "ऑक्सिजन वाढवलाय. पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे आहेत. प्रोनिंग करून घेतोय, म्हणजे पालथं झोपवतोय. त्यानं फुप्फुसाच्या मागच्या भागाला हवा मिळते."

"मॅडम, माझ्यामुळे झालं का हो?"

"एका घरात राहता, एका ताटाशी बसता. कसंही झालं असेल, ते आता शोधू नका." मग दोन पायऱ्या चढून त्या मागे वळल्या. "पण एकमेकांचा मास्क परत वापरू नका."

मी कॉटवर येऊन बसलो. वहिनीला आता ऑक्सिजनचा मास्क लागला होता. या सगळ्या साथीत तिला स्वतःचा, एकटीचा असा मिळालेला तो पहिला मास्क.

दुपारी दादाचा फोन आला. दादा फोनवर कधीच प्रकृती विचारत नाही. "म्हशी दूध द्यायना गेल्यात," तो म्हणाला. "हात लावला की लाथ मारतीया. तिला म्हनावं लवकर ये."

"दादा, ती ऑक्सिजनवर आहे."

"ठावं हाय मला." मागे म्हैस रेकत होती. "तरी पन म्हनावं."

सहाव्या दिवशी सिस्टरनं व्हिडिओ कॉल लावून दिला. पडद्यावर वहिनीचे डोळे आणि प्लास्टिकचा मास्क. मी ठरवूनच बसलो होतो. शनिवार, घसा, लवंग, पेंड, दोन शिंका, खिळा, सगळं सांगून टाकलं. शेवटी रडू फुटलं. शेजारच्या कॉटवरचे काका माझ्याकडे पाठ करून झोपल्याचं सोंग करत होते. वहिनीनं हात हलवला आणि फोन बंद झाला. तो हात 'असू दे' म्हणून हलवला की 'चल नीघ' म्हणून, यावर मी दोन दिवस काढले. माझं सॅच्युरेशन सत्त्याण्णव होतं, पण श्वास पुरत नव्हता.

त्या दोन दिवसांत माझं कामच एक होतं. सकाळ-संध्याकाळ सिस्टर खाली आली की मी विचारायचो, "किती?" ती आकडा सांगायची. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. परत सत्त्याऐंशी. मग एकदम एक्क्याण्णव. शाळेत माझ्या गुणांची वाट वहिनी अशीच दारात उभी राहून बघायची, फक्त तिला कधी एक्क्याण्णव ऐकायला मिळाले नाहीत.

आठव्या दिवशी मॅडम स्वतः सांगायला आल्या. "मास्क काढून नाकात नळी लावलीय. ऑक्सिजन कमी लागतोय. आता भीती गेली म्हणायला हरकत नाही." मी त्यांना नमस्कार करायला वाकलो, तर त्या झटकन मागे सरकल्या. "अंतर ठेवा हो!"

दहा मिनिटांत वहिनीचा फोन. आवाज बसलेला, पण तिचाच.

"काय रं दिल्या, परवा काय बडबडत हुतास? त्या आक्शिजनच्या फुसफुशीत एक शबूद आयकू आला न्हाई. तोंड येडंवाकडं करत हुतास तेवढं दिसलं."

म्हणजे सगळं परत सांगायचं. दुसऱ्यांदा गुन्हा कबूल करणं पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण तोवर रडू संपलेलं असतं. मी चाचरत सांगितलं. वहिनीनं ऐकून घेतलं.

"मला ठावं हाय की. तोंडाला लावला तवाच लवंगीचा वास आला. म्हटलं, ह्याचा घसा धरलाय. त्या सांजंला तुला काढा कुनी दिला?"

काढा तिनंच दिला होता. मला आठवलं, कडू आहे म्हणून मी अर्धा मोरीत ओतला होता. तेवढं मात्र मी आजवर कबूल केलेलं नाही.

"मग घातलास कशाला तो मास्क?"

"डेरी बंद व्हायची येळ झालती. दुसरा कुटं हुता?" मग तीच म्हणाली, "हुता की रं. कपाटात. आपुनच शानं!" ती हसली, हसता हसता खोकली, आणि मागून सिस्टर ओरडली.

मला वहिनीच्या दोन दिवस आधी सोडलं, पण मी घरात न जाता गोठ्याशेजारच्या खोलीत राहिलो. तेराव्या दिवशी वहिनी आली. मंगलनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. दादा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. "आलीस व्हय," एवढंच म्हणाला आणि गोठ्यात गेला. बराच वेळ बाहेर आला नाही.

मी कपाटातला खोका काढला आणि तिच्यासमोर प्लास्टिक फाडलं.

"आरं, साखरपुडा?"

"आज तूच पाहुणी," मी म्हणालो. तिनं वरचा एक मास्क घेतला, उलटसुलट करून बघितला आणि लावला. खिळ्यावरच्या कोयऱ्या मंगलनं चुलीत घातल्या.

तुमच्या घरी असं दुखणं आलं तर माझं एवढंच सांगणं. भज्यांना दोष देऊ नका. ऑक्सिमीटर घरात ठेवा. आणि चांगली वस्तू पाहुण्यांसाठी राखून ठेवायची आपल्याला फार हौस, पण घरातल्या माणसांनाही अधूनमधून पाहुणे समजत जा.

वहिनीचा अशक्तपणा महिन्यात गेला. वास मात्र गेला तो परत येईना. फोडणी जळली तरी कळायचं नाही, शेणाचाही नाही. दूध नासलंय का ते दादाला विचारावं लागायचं, आणि दादा हुंगल्यासारखं करून चांगलंच म्हणायचा. वास येईल हळूहळू, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

परवा सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. गेटवर ओरडून ओरडून घसा बसला होता, म्हणून लवंग धरलेली. वहिनी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी शेजारून गेलो, तशी तिनं मान वर केली.

"लवंग चघळतुयास?"

मी जागीच थांबलो. मंगल आतून धावत आली. वहिनीनं परत एकदा दीर्घ श्वास घेतला आणि तिचे डोळे भरले. पण ती वहिनी आहे.

"बघत काय उभा राह्यलास? घसा धरलाय नव्हं? मग लांब हो तिकडं." सूप बाजूला सारून तिनं दाराजवळच्या मास्कच्या खोक्याकडे बोट केलं. "आन् मास्क लाव. तुझा तू."

टेस्ट निगेटिव्ह आली. काढा मात्र या वेळी पूर्ण प्यायलो.