एल्फांची शेवटची रीत

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भाच्याला तर नाहीच. देवापुढे बसलो तरी इथवर आलं की मी भलतंच काहीतरी पुटपुटायला लागतो. तुमची-माझी ओळख नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

सुरुवात एका पुस्तकापासून करतो. खरं तर अक्कापासून करायला हवी — पण तिथे पोचायला मला थोडा वेळ लागेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरच्या एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून मी नुकताच निवृत्त झालो होतो. रद्दीच्या दुकानात एक जाडजूड कादंबरी हाती लागली. पुठ्ठा नव्हता, शेवटची पानं फाटून गेली होती. तिच्यात एल्फ होते. एल्फ म्हणजे — उंच, टोकदार कानांची, रानात राहणारी माणसं. झाडांवर घरं करतात, शेकडो वर्षं जगतात. आपल्या यक्षांच्या जवळचे म्हणा, पण जरा उदास.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला हिनेच वाढवलं. लग्न होऊन खर्ड्याला गेली ती तिथलीच झाली. नवरा वारला, मुलगा भानुदास तिकडे देवळालीकडे साखर कारखान्यात लागला, तरी हिने खर्डा सोडलं नाही. मग तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. गळिताचा हंगाम जोरात, भानूला रजा मिळेना. मी म्हणालो, ‘मी आहे ना.’ किती सहज म्हणालो!

खर्ड्याला जाऊन राहिलो. दुपारी ओसरीवर तिच्या खाटेशी बसून ते पुस्तक वाचायचो. इंग्रजीतून मनातल्या मनात मराठी करत. फाल्गुनातले दिवस. दारातला लिंब गळत होता, पिवळी पानं ओसरीवर, तिच्या गोधडीवर येऊन पडायची. ती डोळे मिटून ऐकायची. कधी झोप लागायची, आणि जागी झाली की तिला आपण खर्ड्यात आहोत की त्या रानात, ते चटकन कळायचं नाही. ओसरीवरून दिसणाऱ्या किल्ल्याच्या बुरजाकडे बघून एकदा म्हणाली, “तितं वर ऱ्हात्यात व्हय रं तुजे येल्फ?” मी हो म्हणालो. का नाही म्हणायचं?

मग एल्फांची म्हातारी राणी मेली. तिचं शरीर उचलून सगळे रानाकडे निघाले — आणि पुस्तक संपलं. पुढची पानंच नव्हती.

“आन मंग? जाळत्यात का पुरत्यात?” अक्काने विचारलं.

पानं फाटली आहेत, एवढं सांगायचं होतं. पण तिचे डोळे असे काही माझ्याकडे लागले होते, की मी ते शेवटचं पान उलटसुलट करत राहिलो आणि बोलत गेलो. वाचतोय असं दाखवत. ते जाळत नाहीत, अक्का. मोठ्या झाडाच्या मुळांमध्ये ढोली असते, तिच्यात टेकून बसवतात. वेणी सोडतात, कारण बांधलेलं काही बरोबर न्यायचं नसतं. पापण्यांवर एक-एक कोवळं पान ठेवतात. कुणी रडत नाही; हलक्या आवाजात गाणं म्हणतात, आणि त्या गाण्याला शब्द नसतात. मग मेलेल्याकडे पाठ न करता, उलट्या पावलांनी परत फिरतात. शेवटपर्यंत त्याला आपल्या माणसांची तोंडं दिसावीत म्हणून.

“आपल्यात तर मागं वळून बगायचं न्हाई म्हनत्यात,” ती म्हणाली, “आन ह्ये उलटं चालत्यात? पडत न्हाईत व्हय एकमेकांच्या अंगावर?” आणि पोट धरून हसली. हसताना दुखायचं तिला.

त्यानंतर तिला पुस्तकातलं दुसरं काही नको असायचं. रोज तेच. ढोलीच्या तोंडाशी दिवा लावतात का? नाव घेतात का पुन्हा? मी रोज नवीन रीत रचायचो. मला ते आवडायला लागलं होतं, हे सांगायला हवं. जन्मभर दुसऱ्यांच्या कविता शिकवलेला माणूस मी. आता माझ्या तोंडातून एक अख्खं रान उगवत होतं, आणि ऐकणारी डोळे मिटून त्यात चालत होती.

आणि मी थकलोही होतो. तिला एकेक घास भरवायचा, अर्धा बाहेर यायचा, पुसायचा, पुन्हा भरवायचा. एके दुपारी पेजेची वाटी हातात होती, ती तोंड उघडेना. मी वाटी खाली ठेवली आणि म्हणालो — हे सगळ्यात सुंदर सुचलेलं होतं, म्हणून आठवतं — की फार जगलेल्या एल्फाला एक दिवस दूरचा ओढा ऐकू येतो. दुसऱ्या कुणाला येत नाही. तो घरच्यांना तसं सांगतो. त्या दिवसापासून कुणी त्याला जेवायचा आग्रह करत नाही. ताट उचलून ठेवतात. तो त्याचा मान असतो.

तुम्हाला वाटतं मला कळलं नसेल, मी काय करतोय ते?

दोन-तीन दिवसांनी सकाळी ती छताकडे बघत म्हणाली, “सदा, वढा आयकाया येतुया रं.” खर्ड्याचा ओढा तेव्हा कोरडा ठणठणीत पडला होता. चेहरा इतका निवांत की मी तिच्याजवळ बसून राहिलो. मग ताट उचलून ठेवलं.

एसटीडी बूथवरून भानूला फोन केला. आई जेवत नाही म्हणून सांगितलं. “मामा, जरा आग्रह करा,” तो म्हणाला. “करतोय,” मी म्हणालो.

पुढचे दिवस स्वप्नासारखे गेले. ओल्या फडक्याने तिचे ओठ टिपायचे आणि रान सांगायचं. शेजारपाजारचे येऊन हात जोडून जायचे. अन्न सोडलं माउलीनं, भाग्याचं मरण, म्हणायचे. हे सगळं कदाचित तुम्ही माफही कराल. ती जाणारच होती, तिनेच ठरवलं. मीही स्वतःला इतकंच सांगत आलो.

पण ते इतकंच नव्हतं.

एका संध्याकाळी शेजारच्या शेवंताबाईंनी चूल पेटवली. भाकरीचा वास ओसरीवर आला. अक्काने डोळे उघडले. चांगले टक्क उघडले — किती दिवसांनी.

“कुनाकडं भाकऱ्या चालल्यात रं?”

“शेवंताबाईंकडं.”

“आन की चतकोर. दुदात कुस्करून दे.”

उठायचं होतं. कुंपणापलीकडे हाक मारायची होती. मी उठलो नाही. माझ्या डोक्यात काय आलं सांगू? ती भाकरी माझ्या गोष्टीत बसत नव्हती. इतकी देखणी गोष्ट, अख्ख्या गावाने हात जोडलेली — आणि शेवटाला दूधभाकरी? शिवाय उद्यापासून पुन्हा ती वाटी, ते भरवणं, ते पुसणं. मी तिचा हात हातात घेतला आणि अगदी मायेने म्हणालो, “अक्का, ओढा ऐकू आल्यावर एल्फ माघारी फिरत नाहीत.”

तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी खोटं बोललो की बघायची तशी नाही, नुसतं बघितलं. मग ओठ जरासे हलले. “ऱ्हाऊ दे मंग. येल्फांचं नाव कशाला घालवा.”

पुन्हा काही मागितलं नाही तिने. दुसऱ्या दिवशी गेली.

दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे भरपूर होते, खाली एकही उतरेना. लोक एकेक करून पुढे होऊन हात जोडत होते. नातवाचं नीट करू, अक्का. घर मोडणार नाही, अक्का. भानू घामाघूम. तो ज्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास टाकायचा त्या माणसाकडे वळला, म्हणजे माझ्याकडे. “मामा, शेवटी तुमीच हुता जवळ. काय ऱ्हायलं आसंल तिचं?”

मला माहीत होतं. सगळ्या माणसांत मला एकट्याला माहीत होतं.

“काही नाही राहिलं, भानू,” मी म्हणालो. “तृप्त गेली ती.”

शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. भानूने ओला पंचा झटकला आणि मला वाकून नमस्कार केला, शेवटपर्यंत आईचं केलं म्हणून. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

तिला भूक लागली होती. एवढंच राहिलं होतं.