शिवणीच्या बरगड्या

भिंगारचा सहादेव सुतार लाकडाशी बोलायचा आणि माणसांना नुसतं हुं हुं करायचा. गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी त्याचा रंधा आपल्याच चालीने चाले. बायको लंकाबाई म्हणायची, "मी सागवानाची आसते, तर यांनी माझं ऐकलं आसतं."

लढाईच्या काळात, चव्वेचाळीस साली, छावणीतल्या बँडमधला गोव्याचा पेद्रू आपली गिटार घेऊन त्याच्याकडे आला. गिटारीचं पोट खचलं होतं. सहादेवाने मागची फळी उघडली, तर पोटाला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या चिरलेल्या. त्यांना तो बरगड्या म्हणे. बरगडी जाड राहिली तर वाद्य मुकं, फार तासली तर तारांच्या ओढीने पोट पुन्हा बसणार. त्यासाठी हलकं, सरळ रेषांचं आणि वर्षानुवर्षं सुकलेलं लाकूड हवं. ते आणायचं कुठून? वखारीतला चांगला माल सगळा लष्कराकडे जात होता.

तसं लाकूड घरातच होतं. माळ्यावर शिवणीच्या लाकडाचा पाळणा होता, सहादेवानेच पहिल्या लेकीसाठी घडवलेला. बारशाच्या आदल्या दिवशी पोर गेली. पाळण्यात निजली नाही, की तिला नाव लागलं नाही. रिकामा पाळणा हलवला की पुढच्या लेकराला बाधतं, हे लंकाबाईला मिळालेलं बाळकडू. ती त्याला कुणाला हात लावू देत नसे. आता तर तिला आठवा महिना होता.

ती विहिरीवर गेल्याचं बघून सहादेवाने पाळण्याचे गज काढले. हलवला कुठे, नुसते काढले, अशी त्याने मनाची समजूत घातली. कारागिराला चांगलं लाकूड दिसलं की घरचं-परक्याचं सुचत नाही. गज चिरून, पटाशीने तासून त्याने सरसाने आतून चिकटवले.

सरस वाळल्यावर भर दुपारी त्याने गिटारीच्या पोटावर टिचकी मारली. स्वर मोकळा उठला. तो विरला आणि आतून बारीक आवाज आला, "कुर्र."

बारशाला आत्या बाळाच्या कानाला तोंड लावून कुर्र करते आणि मग नाव सांगते, अगदी तसा. पण पुढे नाव नाही, काही नाही.

एखादी बरगडी सुटली असेल म्हणून त्याने एकेक दाबून पाहिली. सुरीचं टोकही कुठे शिरेना. पुन्हा टिचकी मारली. पुन्हा कुर्र, आणि पुन्हा ती वाट बघणारी शांतता.

"पाळना कोन हलवतंय?"

ती कुरकुर ऐकून लंकाबाई दारात येऊन उभी होती. एक हात पोटावर होता.

"सकाळपासनं आतलं हलंना झालंय," ती म्हणाली.

सहादेवाने सगळं सांगून टाकलं.

"कडत पान्यानं सरस सुटतो. आत्ता काढतो बरगड्या," तो म्हणाला.

"काढून ती जाईल कुठं? बिननावाची हाय. नाव मिळाल्याबिगर जागा सोडायची न्हाई, आन् पोटातल्यालाबी सुखानं येऊ द्यायची न्हाई."

"आता आत्या कुठून आनू?"

"आत्या नगं. नाव माझ्याजवळ हाय. तवाच मनात धरलं हुतं, तुमास्नीबी बोलले न्हाई."

ती गिटारीजवळ बसली. तारांखालच्या गोल भोकाला तोंड लावलं आणि म्हणाली, "कुर्र… बनू."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिने सहादेवाचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आत लेकराने चांगलीच लाथ मारली.

"आता वाजवा," ती म्हणाली.

त्याने टिचकी मारली. स्वर उठला, लांबला, विरला. मागे काही उरलं नाही. काम उत्तम झालं होतं, पेद्रू खूश झाला असता. लंकाबाई कान देऊन बसली होती, म्हणून त्याने पुन्हा वाजवलं, मग आणखी एकदा.

तिने त्याचं बोट धरलं. "ऱ्हाऊ द्या. नाव घिऊन गेली ती," ती म्हणाली, आणि लेक गेली तेव्हा रडली नव्हती इतकी रडली.