पिक्चर नेमका कुणाचा?

नोकरीतली बहुतेक प्रकरणं निवृत्तीच्या दिवशी पोलीस ठाण्यातच राहिली. हे एक मात्र माझ्यासोबत घरी आलं. कुणाचंही नाव न घेता ते सांगतो.

तेव्हा मी नवीन जालन्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक निनावी फोन आला आणि ठाणे अंमलदाराने तो माझ्याकडे दिला. "आष्टीकडच्या एका बाईनं पिक्चर केलाय. स्टुडिओवाल्यानं तो सोताच्या नावानं सरकारी अनुदानाला पाठवलाय. बराबर चौकशी करा," एवढं बोलून फोन बंद. स्टेशन डायरीत नोंद करताना हवालदार हसले. मोटारसायकल चोऱ्यांचे तपास पडून असताना पिक्चर कुठं शोधायचा, असं त्यांचं म्हणणं. पण निनावी फोन करणारा माणूस सहसा कुणाला तरी शिव्या घालतो. हा नुसता घाबरलेला वाटला. म्हणून मी स्वतः आष्टीकडे निघालो.

पिक्चर केलेली बाई म्हटल्यावर तिथे घर लगेच सापडलं. ती शेतकरी घरातली सून. सासूला मुख्य भूमिका देऊन आणि गावातलीच माणसं घेऊन तिने सिनेमा केला होता. चांगल्या मराठी चित्रपटाला सरकार अनुदान देतं, परीक्षण समितीने तो पसंत केला तर पुढच्या कामाला बळ मिळतं, हे तिला माहीत होतं. त्यासाठीच तिने संकलनाचं आणि आवाजाचं काम जालन्याच्या एका स्टुडिओत दिलं होतं.

"काम चालूच हाय म्हणतेत ते. मी वाट पाहून राह्यले," ती म्हणाली.

अर्ज दुसऱ्याच्या नावाने गेल्याची खबर आहे, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "साहेब, गावातल्या बायकांना मी घरोघर जाऊन तयार केल्तं. आता त्यांना काय सांगू? पिक्चर माझा न्हाई म्हणून?"

अनुदान विभागाकडे विचारणा केली. दिग्दर्शक म्हणून स्टुडिओमालकाचंच नाव होतं आणि समिती लवकरच सिनेमा पाहणार होती. बाईच्या फिर्यादीवरून गुन्हा दाखल केला. पण स्टुडिओतलं मूळ चित्रण पुसलेलं निघालं.

फोन करणारा आतलाच माणूस असणार, हे उघड होतं. शूटिंगला स्टुडिओतलं गावात कोण आलं होतं, असं बाईला विचारलं. तिने ध्वनिमुद्रण करणाऱ्या तरुणाचं नाव सांगितलं. तो ठाण्यात आला, खुर्चीच्या कडेला बसला.

"माझी नोकरी जाईल, साहेब."

"मग फोन कशाला केलास?"

"शूटिंगभर त्या म्हाताऱ्या मावशीच्या हातचं जेवलो. गप्प राहवलं न्हाई." शूटिंगच्या वेळच्या मूळ आवाजाची एक प्रत त्याने स्वतःकडे ठेवली होती. ती त्याने दिली आणि आम्ही पंचांसमक्ष जप्त केली.

मालक चौकशीला आला तो कागदांची फाईल घेऊन. बाई आपली सहायक होती, असं तो शांतपणे सांगत होता. मी आवाजाचा विषय काढला नाही. विभागाकडून मागवलेली सिनेमाची प्रत मी पाहिली होती. तिच्यात म्हातारी शेताच्या वाटेवर चालता चालता मध्येच थांबते, वाकते, मग पुढे जाते. त्या दृश्यात तिला काय सूचना दिली होती, एवढंच विचारलं.

"गेलेल्या नवऱ्याची आठवण काढून थांबा, असं मी सांगितलं," तो म्हणाला. तसा जबाब लिहून घेतला, त्याला वाचून दाखवला. मग आवाज लावला.

"अगं, पायात काटा गेला ना. थांबू का?" सासूचा आवाज.

"थांबा आत्याबाई. काढा काटा. मंग चला. कॅमेऱ्याकडं बघू नका," सुनेचा आवाज.

"शूटिंगला तुम्ही गावात किती वेळा गेल्तात?" मी विचारलं. त्याने फाईल मिटली. "एकदाही न्हाई," तो म्हणाला.

आमचा अहवाल पोचताच विभागाने तो अर्ज थांबवला. विभागाकडची प्रत बाईला मिळाली, तिच्यावरची नावं दुरुस्त करून तिने स्वतःच्या नावाने नवा अर्ज केला, समितीने सिनेमा पाहिला आणि अनुदानासाठी निवडला. मालकाविरुद्ध दोषारोपपत्र गेलं.

या प्रकरणापासून माझी एक सवय झाली. दोघे एकाच कामावर हक्क सांगत असतील तर मी त्यांना ते काम कसं केलं, हे सांगू देतो. केलेला माणूस काट्याकुट्यांच्या गोष्टी सांगतो. न केलेला भारी भारी शब्द वापरतो. आपल्या भागातली बोली, आपली माणसं पडद्यावर यावीत म्हणून सरकार मदत देतं. ती योग्य हातात पडावी यासाठी पोलीसही उपयोगी पडतात, हे मला तिथे कळलं.

आष्टीच्या मंगल कार्यालयात सिनेमा दाखवला तेव्हा मला बोलावणं आलं. शेवटी पडद्यावर अक्षरं आली. सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"साहेब, तिथं माझ्या सुनेचंच नाव हाय ना?"

"तिचंच आहे," मी म्हणालो.

एवढ्या वर्षांत पदकं मिळाली, प्रशस्तिपत्रं मिळाली. पण वर्दी घातल्याचा अभिमान मला ते दोन शब्द बोलताना वाटला तेवढा कधी वाटला नाही.