पाण्यावरचा चहा

चंद्रप्रकाश तिरोडकर मुलुंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. म्हणजे पुस्तक वाचून दाखवायचे. स्वतःच्या हाताने त्यांनी परीक्षानळी कधी विसळली नाही. चौऱ्याहत्तर साली रॉकेलची टंचाई झाली तेव्हा रांगेत उभं राहणं त्यांच्या पदवीला शोभेना. उभी राहायची ती त्यांची बायको, नलिनी.

त्याच सुमारास एका व्याख्यानात त्यांनी ऐकलं, की जपानात पाण्यावर प्रकाश पाडून हायड्रोजन, म्हणजे जळणारा वायू, काढलाय. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं ते टायटॅनियमचं संयुग प्रकाश झेलतं आणि समोरच्या प्लॅटिनमवर वायू सुटतो.

"प्लॅटिनम ही श्रीमंतांची चैन," मास्तर शेजारच्या दादूला म्हणाले. "माझं निकेलवर भागेल."

चाळीच्या गच्चीवर काचेची बरणी आली. आत पांढरी पूड फासलेला पत्रा, समोर निकेलचा. उन्हाने पाणी तापलं, काचेला बुडबुडे चिकटले. ती पाण्यात विरघळलेली हवा होती. नववीतल्या पोरालाही कळलं असतं. पूड बदलून, पत्रा भाजून, वर्षभर खपले असते तर कदाचित चिमूटभर काही खरं हाती लागलं असतं. पण मास्तरांना शोध नको होता, सत्कार हवा होता.

रविवारी भर उन्हात चाळकऱ्यांनी गच्चीवर खुर्च्या मांडल्या. आज मात्र निकेलवरून बुडबुड्यांची माळ सुटत होती. मास्तरांनी ते नळीत धरले, नळीचं तोंड मेणबत्तीशी नेलं. फट्ट! टाळ्या पडल्या.

"उद्यापासून पाण्यावर चहा!" मास्तर गरजले.

नलिनी रांगेतून नुकतीच आली होती, रिकाम्या हाताने. तिने बरणीच्या टेबलावरची लोंबती चादर उचलली. खाली मोटारीची बॅटरी होती.

"अहो, ही कशाला?"

"ती... नुसती सुरुवातीला लागते."

"मग झाली ना सुरुवात?" म्हणत तिने वायर उपटली.

बुडबुडे थांबले. ऊन तसंच रणरणत होतं.

"ढग आला वाटतं," मास्तर पुटपुटले.

"कुठाय ढग, मास्तर?" दादूने वर बघत विचारलं. लोक आपापल्या खुर्च्या उचलून खाली गेले.

मास्तरांना लाज वाटली असेल, असं कुणी समजू नये. बायकोच्या अडाणीपणामुळे देशाचं नुकसान झालं, असं ते शिक्षकांच्या खोलीत सांगत राहिले, आणि पुढच्या जूनमध्ये पर्यवेक्षकही झाले. शाळेने शाल-नारळ दिला. नलिनी त्या सत्काराच्या दिवशी कांदिवलीला भावाकडे निघून गेली.