सुतळीच्या गाठी

काष्टीच्या बाजारात दोर विकणारे एक काका होते. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "तुमच्या आडाचं पानी किती हात खाली गेलं?" मग त्या गावाच्या नावानं ठेवलेल्या सुतळीला तेवढ्या गाठी मारायचे. बाहत्तर साली पाऊस हुकला, गाठी वाढू लागल्या, तसं काकांनी बैलांचे कासरे वळणं थांबवून आडाचे लांब दोर वळून ठेवले. पुढे बाकीच्या दोरवाल्यांचे लांब दोर संपले आणि काकांकडे रांग लागली. मी दुष्काळी मोर्चाची पत्रकं वाटणारा; तडकलोच. "दुष्काळावर धंदा करता?"

"ओ पुढारी, भाव जुनाच हाय. कासरेच वळीत बसलो असतो, तर मी बुडालो असतो आन् गाव तहानलं असतं."

मग सुतळ्यांचा जुडगाच त्यांनी माझ्या हातात दिला. "कचेरीवाले म्हनत्यात ना, आडाला पानी हाय? उद्या मोर्चात न्या. गाठी मोजा म्हनावं."

माझ्या पत्रकात एवढं पक्कं काहीच नव्हतं.