साकवाचा नारळ

आमच्या ओढ्यावर साकव, म्हणजे लहानसा पूल, होणार. आमदारांनी निधी आणलाय, आज भूमिपूजन. सरपंचानं माझ्या हातात नारळ दिला. "तात्या, वडीलधारे तुम्हीच. फोडा."

मी पाण्याकडं बघत उभा राहिलो. गेल्या पावसाळ्यात माझ्या आजारी बायकोला खुर्चीत बसवून दवाखान्यात न्यायला निघालो होतो. ओढा उतरेना, आणि ही इथंच काठावर गेली. साकव तेव्हाही मंजूर होता. मंजूर म्हणजे झालाच, असं आम्ही अडाणी धरून बसलो होतो.

हे सगळं मी तिथंच बोलून दाखवलं, आणि नारळ न फोडता काखेत धरला. आमदार हळूच म्हणाले, "बाबा, राग माझ्यावर काढा, नारळावर नको."

"तुमच्यावरच काढतोय. पहिलं आजारी माणूस कोरड्या पायानं पलीकडं जाऊ दे, मग फोडीन," म्हणालो, आणि नारळ घेऊन घरी आलो.