पेमाच्या लेकीचे बलिया

थावराला एका जागी बसवत नसे. जवळा बाजार या गावात त्याचं जुन्या दागिन्यांचं दुकान होतं, पण गादीवर तो मुंग्या चावल्यासारखा चुळबुळत असायचा. हात चालू, पाय चालू, आणि तोंडाचं तर विचारूच नका. त्या तोंडाचं शिक्षण बैलबाजारात झालं होतं. त्याचा बाप आवडलेल्या खोंडालाच आधी नावं ठेवी. पाय फेंगडे हायेत, वशिंड बसलंय. विकणाराही हसून चार शब्द परत सुनावी, आणि मग खरा सौदा सुरू होई. थावराने हीच रीत दुकानात आणली. कुणी गळ्यातली चांगली जुनी हासळी आणली की तो नाक मुरडायचा. बंजारा तांड्यावरच्या बायाही त्याला ओळखून होत्या. चार शब्द परत सुनावल्याशिवाय त्या त्याला सोडत नसत.

१९९८ सालची गोष्ट. बाजाराचा दिवस होता. जवळच्या तांड्यावरच्या म्हाताऱ्या पेमाची लेक शिला दुकानात आली. तिला सेनगावकडच्या तांड्यावर दिलेलं होतं. तिने फडक्यातून दोन बलिया काढून समोर ठेवले. बलिया म्हणजे तांड्यावरच्या बाया दंडात घालत ती रुंद पांढरी कडी.

"भाऊ, हत्तीदात हाय का हाड, तेवढं बघा. माझ्या लग्नात बानं बैलजोडी इकून आणले व्हते. सासू म्हणती, तुझ्या बापानं हाड देऊन फसवलं. लगीन झाल्यापासून ऐकून राहिले."

थावराने भिंग लावून कड पाहिली. हाड असतं तर बारीक काळे ठिपके दिसले असते. इथे एकमेकींना छेदणाऱ्या नाजूक रेषांची जाळी होती. अस्सल हस्तिदंत. त्याच्या तोंडातून आपसूक निघालं, "हाड हाय, बाई."

आता ती म्हणेल, डोळे फुटले का तुमचे, आणि मग बोलणं पुढे सरकेल, म्हणून तो थांबला. पण शिलाचा चेहरा खर्रकन उतरला. बलिया पुन्हा फडक्यात बांधत ती म्हणाली, "इकायचे नव्हते, भाऊ. इचारायचं व्हतं. आता बालाच जाऊन इचारते."

ती गेली आणि थावराचं डोकं भणभणायला लागलं. नुसत्या सवयीने बोलला असता, तर त्याने तिला पायरीवरूनच परत बोलावलं असतं. हस्तिदंताची खरेदी-विक्री कायद्याने बंद होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण पावतीवर हाड लिहिलं की हैदराबादचा सेठ डोळे मिटून माल उचलायचा. म्हणजे जीभ सवयीने वळली खरी, पण मनानेही तिला अडवलं नव्हतं. बाई पारख करून घ्यायला आली होती, आणि त्याने गिऱ्हाइकाच्या तोंडाने तिला उत्तर दिलं होतं. स्वतःची अशी किळस त्याला कधी आली नव्हती.

ऐन बाजारात त्याने दुकानाला कुलूप लावलं. जीपच्या अड्ड्यावर धावला, तर शिलाला घेऊन पेमाच्या तांड्याची जीप आत्ताच गेलेली. दुसरी भरेपर्यंत तो खाली उतरला, पुन्हा चढला, ड्रायव्हरशी उगाच भांडला. शेवटी सीट भरायची वाट न बघता शेजाऱ्याची सायकल मागून घेतली. वाटेत चढ लागला तसा तो सायकल ढकलत पळू लागला. आपण पोचायच्या आत तिने बापाला काही बोलू नये, एवढाच धोशा मनाला लागला होता.

पेमाच्या अंगणात पोचला तेव्हा म्हातारा दगडाजवळ खाली मान घालून बसला होता. हातात उलटी धरलेली कुऱ्हाड. एका बलियाचे दोन तुकडे झाले होते.

"माझा बैलजोडीचा पैसा खाल्ला बलिया इकणाऱ्या त्या येपाऱ्यानं," पेमा म्हणाला. "आन मी लेकीला उलटून खोटं पाडून राहिलो व्हतो."

थावराने तुकडा उचलला, भिंग शिलाच्या हाती दिलं आणि मोडलेल्या जागेवर बोट ठेवलं. तिने वाकून बघितलं. "जाळी हाय," ती हळूच म्हणाली.

"हाडाला जाळी नसती. हत्तीदात हाय, काका. तुमी फसला न्हाईत."

"मंग बाजारात हाड काहून म्हनलास?"

थावराला सबबी खूप सुचल्या. पण त्याने खरं तेच सांगितलं. "घ्यायचं मनात व्हतं म्हणून. बैलबाजारात नावं ठिवतो, तशी ठिवली."

पेमाने कुऱ्हाड बाजूला ठेवली. "बैलाला ऐकू येतं, पर त्यो मनावर घेत न्हाई, लेकरा."

शिलाने दोन्ही तुकडे आणि साबूत बलिया एकत्र बांधले. भिंग मात्र परत केलं नाही.

"हे राहू द्या माझ्याजवळ," ती म्हणाली. "सासूला दाखवायचंय. तुमच्या शब्दावर ती इश्वास ठिवायची न्हाई."

भिंग तिच्याच हाती ठेवून थावराने सायकल उचलली.